चिकपेटची बाई आणि तीन दवाखाने

बंगळुरूची जुनी पेठ केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवली असे मानतात. उत्तर-दक्षिण जाणारी दोड्डपेटे, म्हणजे आजचा अव्हेन्यू रोड, आणि पूर्व-पश्चिम जाणारी चिक्कपेटे जिथे एकमेकींना छेदतात, तो चौक म्हणजे या गावाचे मूळ. मराठी माणसाला हा भाग परका नाही. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि त्यांचा गौरी महाल चिकपेटेतच होता अशी परंपरा आहे. पुढे व्यंकोजीराजांनी तंजावरला बस्तान बसवल्यावर १६८७ च्या सुमारास हे शहर तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. मराठी बोलणारी कुटुंबे मात्र पेठेतून हलली नाहीत, आणि लग्नाचा बस्ता बांधायला चिकपेटेत येणाऱ्यांची गर्दी अजून ओसरलेली नाही. इथे मला या बाजाराविषयी नाही, तर त्याच्या आजूबाजूला दोनशे वर्षांत उभ्या राहिलेल्या दवाखान्यांविषयी लिहायचे आहे. एचआयव्हीची लागण, दारूची सवय आणि खचलेले मन ही तिन्ही दुखणी एकाच बाईच्या वाट्याला आली, तर आपली व्यवस्था तिला तीन दारांवर पाठवते. आपण याला वैद्यकशास्त्राची विभागणी समजतो. माझे म्हणणे असे आहे की ही विभागणी शास्त्राने केलेली नाही, ती एकोणिसाव्या शतकातल्या कारभाराने करून ठेवली आहे. आणि त्या तिन्हींपैकी एकही दार मुळात बाईसाठी उघडलेले नव्हते.

पहिले दार छावणीचे. १८०९ मध्ये इंग्रजांनी पेठेच्या पूर्वेला काही मैलांवर लष्करी छावणी वसवली आणि एका गावाची दोन गावे झाली. छावणीत गोऱ्या पलटणी होत्या, पलटणींत गरमी आणि परमा हे गुप्तरोग होते, आणि आजारी शिपाई सरकारला महाग पडत होता. त्यावरचा तोडगा म्हणजे ‘लॉक हॉस्पिटल’. मद्रास इलाख्यात अशी इस्पितळे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच निघाली, मध्यंतरी बंद पडली आणि १८६४ च्या छावणी कायद्याने व १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने पुन्हा जोरात आली. बंगळूरचे लॉक हॉस्पिटल त्याच साखळीतले. पद्धत अशी होती: शरीरविक्री करणाऱ्या बाईने नोंदणी करायची, नावाचे तिकीट बाळगायचे, ठरलेल्या दिवशी तपासणीला हजर व्हायचे, रोग आढळला तर बरी ठरेपर्यंत आत राहायचे, आणि हजर झाली नाही तर शिक्षा. शिपायाची अशी तपासणी इंग्रज लष्कराने याआधीच सोडून दिली होती, कारण तिच्यामुळे शिपायाचा मान जातो असे ठरले होते. नोंदणी चुकवण्यासाठी बायका छावणीची हद्द ओलांडून निघून जातात, ही तक्रार या इस्पितळांच्या अहवालांत पुन्हापुन्हा येते. त्या तक्रारीतच व्यवस्थेचा निकाल आहे. जिथे उपचार मिळतो तिथून रुग्ण पळतो, याचा अर्थ तिथे तिला उपचारापेक्षा कैद अधिक दिसत होती. १८८८ मध्ये इंग्लंडमधल्या सुधारकांच्या रेट्याने १८६८ चा कायदा रद्द झाला. पण गुप्तरोगाची बाई म्हणजे रोगाचा झरा आणि तिचा बंदोबस्त म्हणजे इतरांचे रक्षण, ही समजूत कोणत्याही कायद्याने रद्द झाली नाही.

दुसरे दार वेड्यांच्या इस्पितळाचे. म्हैसूरवर ब्रिटिश कमिशनची राजवट असताना, १८४७ च्या सुमारास, डॉ. चार्ल्स आयर्विंग स्मिथ यांनी बंगळूरचे ‘लुनॅटिक असायलम’ सुरू केले. हे इस्पितळ छावणीच्या नव्हे, शहराच्या बाजूला होते. १९२५ मध्ये त्याला ‘मेंटल हॉस्पिटल’ हे नाव मिळाले आणि १९३७ मध्ये ते वस्तीतून उठून होसूर रस्त्यावर गेले. तिथेच १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आली आणि १९७४ मध्ये दोन्ही मिळून आजचे निम्हान्स झाले. ही परंपरा अभिमानास्पद आहे, आणि तिचे मोठेपण नाकारण्याचा माझा हेतू नाही. पण आरंभीच्या काळात अशा इस्पितळांत माणूस कोणत्या वाटेने पोचत असे, ते पाहायला हवे. ब्रिटिश हिंदुस्थानातला १८५८ चा कायदा पोलिसांना सांगत होता की रस्त्यावर भटकणारा वेडा दिसला तर पकडून न्यायाधीशापुढे उभा करा. म्हणजे दाखल होण्याचे कारण दुःखापेक्षा उपद्रव हे होते. घरात कोंडलेली, बाळंतपणानंतर न बोलणारी, जेवण सोडलेली बाई कुणाला उपद्रव देत नाही, त्यामुळे ती या दारापर्यंत क्वचितच आली. आणि जी रस्त्यावर सापडली तिला गुप्तरोग आहे का, ती दारू पिते का, हे प्रश्न तिच्या वेडाचे कारण शोधण्यापुरतेच विचारले गेले. त्या काळच्या इस्पितळी नोंदींत वेडाचे कारण म्हणून ‘गांजा’ हा शब्द सर्रास लिहिला जाई. १८९३-९४ च्या भांग-गांजा आयोगाने या नोंदी तपासल्या, तेव्हा कारणाचा रकाना भरण्यामागे पुरेशी चौकशीच नव्हती, असे आढळले.

या दोन दारांमध्ये अंतर तर होतेच, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे राज्येही दोन होती. १८८१ मध्ये म्हैसूर पुन्हा वोडेयरांकडे आले तेव्हा पेठ आणि शहर महाराजांकडे गेले. छावणीचे ‘सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन’ मात्र ब्रिटिश रेसिडेंटाच्या हाताखालीच राहिले, ते थेट १९४७ पर्यंत. दोन्ही मिळून एक महानगरपालिका झाली ती १९४९ मध्ये. तोवर गुप्तरोगाचा दवाखाना एका सरकारचा आणि मनाचा दुसऱ्या सरकारचा, अशी स्थिती होती. एकाच बाईच्या दोन दुखण्यांची कागदपत्रे एका टेबलावर येण्याची सोयच नव्हती.

तिसऱ्या दाराची गोष्ट सर्वांत खेदाची आहे, कारण ते दार बराच काळ नव्हतेच. दारूच्या बाबतीत राज्याने आधी दुकान काढले, दवाखाना फार उशिरा. आपल्याकडे मुंबई इलाख्यात जसा अबकारीचा लिलाव होई तसाच म्हैसूर संस्थानातही होई, आणि जमीनमहसुलाखालोखाल जी मोठी उत्पन्ने होती त्यांत अबकारी होती. पिणाऱ्याचे काय झाले हे पाहणारे खाते कोणतेच नव्हते. फार बिघडला तर पोलीस किंवा वेड्यांचे इस्पितळ. व्यसनमुक्ती केंद्रे सरकारी योजनेत आली १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. निम्हान्समधला व्यसनमुक्ती विभाग त्यानंतरचा. कर्नाटकने १ जुलै २००७ पासून अरकवर, म्हणजे स्वस्त गावठी दारूवर, बंदी घातली. दारू थांबली नाही, बाटलीवरचे लेबल बदलले. या सगळ्या काळात सार्वजनिक चर्चेत बाई दिसते ती दारुड्याची बायको म्हणून. महाराष्ट्रात गावोगावी ‘आडव्या बाटली’साठी मतदान करणाऱ्या बायका याच भूमिकेत उभ्या आहेत, आणि त्यांचा लढा खरा आहे. पण बाई स्वतः पीत असेल, आणि रात्रीच्या धंद्याची भीती किंवा अंगावरचा मार सोसण्यासाठी पीत असेल, तर तिला या चित्रात जागाच नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटात दारू पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के आणि बायकांचे १.६ टक्के आहे. आकडा लहान म्हणून सोय लहान, असे गणित सगळीकडे मांडले जाते. पुण्यात डॉ. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले, तेव्हा तेही पुरुष रुग्णांसाठीच होते. बायकांसाठीचा ‘निशिगंध’ हा विभाग बऱ्याच वर्षांनी आला. इतक्या संवेदनशील संस्थेलाही जे उशिरा सुचले, ते सरकारी खात्याला अजून पुरते सुचलेले नाही यात नवल नाही.

तर १९८६ मध्ये एचआयव्ही आला तेव्हा जमीन अशी तयार होती. भारतातली पहिली लागण त्या वर्षी मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीत सापडली, आणि ज्यांच्या रक्तात सापडली त्या शरीरविक्री करणाऱ्या बायका होत्या. शंभर वर्षांपूर्वीची लॉक हॉस्पिटलची वृत्ती मग अगदी सहज परत आली. १९९० मध्ये मुंबईच्या वेश्यावस्तीतून आठशेच्या आसपास तमिळ बायकांना ‘मुक्ती एक्सप्रेस’ असे नाव दिलेल्या गाडीने मद्रासला नेण्यात आले. तिथे त्यांचे रक्त तपासले आणि लागण असलेल्यांना डांबून ठेवले. त्यांच्या सुटकेसाठी मद्रास उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. त्याच्या आदल्याच वर्षी गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला केवळ लागण आहे म्हणून सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली कोंडले होते. १८६८ चा कायदा तर केव्हाच मोडीत निघाला, मग आजच्या व्यवस्थेचा दोष त्याच्या माथी कसा मारता, असे कुणी विचारले तर या दोन घटना माझे उत्तर आहेत. कायदा गेला तरी हात त्याच खुणेकडे वळतो.

१९९२ नंतर पैसा आला, नॅको ही राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था आली, आणि खरे चांगले कामही सुरू झाले. पण त्याच वेळी विभागणी पक्की झाली. एचआयव्हीचा कार्यक्रम नॅकोकडे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आरोग्य खात्याच्या दुसऱ्या शाखेकडे, आणि स्वयंसेवी संस्थांमार्फत चालणारी व्यसनमुक्ती केंद्रे तर वेगळ्याच, सामाजिक न्याय मंत्रालयाकडे. नॅकोच्या योजनेत माणसे गटांनी मोजली जातात: शरीरविक्री करणाऱ्या स्त्रिया, सुईने नशा करणारे, ट्रकचालक, स्थलांतरित मजूर. मॅजेस्टिकच्या बसस्थानकापासून कृष्णराजेंद्र मार्केटपर्यंतच्या पट्ट्यात, म्हणजे चिकपेटच्या दोन्ही अंगांना, रात्री उभी राहणारी बाई पहिल्या गटात बसते. तिचे दारू पिणे कुठल्याच गटात बसत नाही, कारण ती सुई टोचत नाही. तिची उदासी मोजायला रकानाच नाही.

आता शरीराकडे पाहू, कारण शरीर हे रकाने मानत नाही. भारतात साधारण २०२० पर्यंत एचआयव्हीच्या पहिल्या फळीच्या उपचारात एफाव्हिरेन्झ हे औषध होते. गोळी रात्री घ्यायची, आणि ती घेतल्यावर चक्कर, भयंकर स्वप्ने, चिडचिड आणि काहींना खोल उदासी येते हे डॉक्टरांना पुरते ठाऊक होते. जी बाई आधीच झोपेला पारखी झाली आहे ती ही गोळी घेऊन दारूचा पेला जवळ करते किंवा दारूसाठी गोळी चुकवते. आणि गोळी चुकली की विषाणू औषधाला सरावतो. पुढे एफाव्हिरेन्झच्या जागी डोल्युटेग्राव्हिर आले, ते पुष्कळ सुसह्य आहे. पण मनाच्या चढउतारांसाठी किंवा फिट्ससाठी दिले जाणारे कार्बामाझेपिन सोबत असले तर रक्तातले डोल्युटेग्राव्हिरचे प्रमाण घटते आणि मात्रा वाढवावी लागते. क्षयाच्या प्रतिबंधासाठी एचआयव्हीच्या रुग्णाला आयसोनियाझिड देतात. त्याने यकृतावर ताण येतो, आणि दारू चालू असेल तर तो ताण धोक्याचा होतो. व्हॅल्प्रोएट हे मनोविकारांतले नेहमीचे औषध गर्भावर वाईट परिणाम करते. म्हणजे एचआयव्हीच्या डॉक्टरने मानसोपचाराची चिठ्ठी पाहिली नाही, मानसोपचाराच्या डॉक्टरने दारूचे विचारले नाही आणि कुणीच दिवस गेले आहेत का हे विचारले नाही, तर प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबर लिहिलेले औषध त्या एका पोटात चूक ठरते.

औषधांच्या पलीकडचा पुरावाही बंगळुरूतच आहे. निम्हान्सच्या डॉ. प्रभा चंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र मनोविकारासाठी दाखल झालेल्या १४६ बायकांशी बोलून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या साधारण एक तृतीयांश बायकांनी लैंगिक जबरदस्ती झाल्याचे सांगितले. मनाच्या वॉर्डात एचआयव्हीचा धोका असा आधीपासूनच बसलेला होता. कुणी विचारले नव्हते, एवढेच. दुसऱ्या बाजूने, कर्नाटकातल्या शरीरविक्री करणाऱ्या बायकांच्या पाहणीत २०१० मध्ये दिसले की ज्यांच्यावर हिंसा झाली त्यांच्यात निरोधचा वापर कमी आणि परम्याचे प्रमाण अधिक होते. आणि हिंसेविरुद्ध संघटित काम झाले तेव्हा हिंसा कमीही झाली. वैद्यकीय मानवशास्त्रज्ञ मेरिल सिंगर यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांचा अभ्यास करून हेच मांडले होते: नशा, हिंसा आणि एड्स एकमेकांशेजारी राहत नाहीत, एकमेकांना पोसतात. सिंगर यांचा सिद्धांत न वाचताही ज्यांनी लोकांमध्ये बसून काम केले त्यांना हे कळले होते. व्यसनमुक्तीपासून सुरुवात केलेली बंगळुरूची फ्रीडम फाउंडेशन एचआयव्हीच्या सेवेकडे वळली. २००५ नंतर स्वस्ती संस्थेच्या ‘प्रगती’ कार्यक्रमाने शरीरविक्री करणाऱ्या बायकांसाठी गुप्तरोगाच्या उपचारासोबत बचत-कर्ज, संकटकाळी धाव आणि दारू सोडण्याची मदत एकत्र आणली. सांगलीत ‘संग्राम’ आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने बायकांच्या हातीच काम दिले, तेव्हा पोलीस, गुंड, सावकार आणि मुलांची शाळा हे विषय रोगाच्या आधी आले.

हे उपचार एकत्र आणण्यावर गंभीर आक्षेप आहेत. सर्वांत वजनदार आक्षेप असा की वेगळा, सरळ एका रोगाचा कार्यक्रम होता म्हणूनच एचआयव्ही आटोक्यात आला. १ एप्रिल २००४ पासून मोफत औषधे मिळू लागली, त्या पहिल्या सहा राज्यांत कर्नाटक होते. हा पैसा आणि ही शिस्त सर्वसाधारण आरोग्य खात्याच्या समुद्रात सोडली तर दोन्ही बुडतील, अशी भीती जाणती माणसे व्यक्त करतात. मला ही भीती रास्त वाटते, आणि म्हणून मी खाती विलीन करा असे म्हणत नाही. औषधांचा साठा, प्रयोगशाळा, नोंदवही वेगळी राहू द्या. एकत्र यायला हवी ती भेट: बाई ज्या दिवशी गोळ्या न्यायला येते त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, तिच्या झोपेची, दारूची आणि घरातल्या माराची चौकशी करणारे प्रशिक्षित माणूस तिला भेटले पाहिजे. एचआयव्ही केंद्रात समुपदेशक असतोच. त्याचे काम वाढवायचे आणि मानसोपचारतज्ज्ञाला ठरावीक वारी तिथे बसवायचे, एवढीच ही मागणी आहे. हे जमते याचा धडा कर्नाटकानेच दिला आहे. १९८५ ते १९९० या काळात निम्हान्सने बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या साध्या डॉक्टरांमार्फत मानसोपचार पोचवला, आणि त्याच नमुन्यावर १९९६ मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. तीन कलंक एकाच खोलीत जमले तर त्या खोलीकडे जाणारी बाई तिप्पट बदनाम होईल. लॉक हॉस्पिटलमधून पळणाऱ्या बायकांचा इतिहास पाहता हा आक्षेप मी हलक्याने घेऊ शकत नाही. त्याचे उत्तर खोलीच्या जागेत आहे. चिकपेटपासून चालत जाण्याच्या अंतरावर, मार्केटच्या पलीकडे, १९०० मध्ये सुरू झालेले व्हिक्टोरिया रुग्णालय आणि १९३५ मधले वाणीविलास हे बायका-मुलांचे रुग्णालय शेजारी शेजारी उभे आहेत. व्हिक्टोरियाचा पाया महाराणी केंपनंजम्मण्णी यांच्या रीजंटपदाच्या काळात घातला गेला. ‘वाणीविलास’ हे नावही त्यांचेच. वाणीविलासमध्ये जाणाऱ्या बाईला कुणी कारण विचारत नाही. बाळंतपण, पाळीची तक्रार, मुलाचा ताप, काहीही असू शकते. एरवी ज्या गोष्टीबद्दल मी तक्रार करीन, की आपल्या आरोग्यव्यवस्थेला बाई फक्त आई म्हणून दिसते, तीच गोष्ट इथे तिच्या पदराआड उभी राहू शकते. गरोदरपणात एचआयव्हीची तपासणी तिथे होतेच. बऱ्याच घरांत बाईची तपासणी नवऱ्याच्या आधी होते आणि ‘तूच आणलास’ हा ठपकाही तिच्यावरच बसतो. त्या क्षणी तिला मनाच्या डॉक्टरची गरज असते, महिन्याभरानंतरच्या दुसऱ्या इस्पितळाच्या तारखेची नव्हे.

दारू पिणाऱ्या बायका थोड्या, मग वेगळी सोय कशाला, या तिसऱ्या आक्षेपाला फार वेळ द्यायला नको. कलंक जितका मोठा तितके पाहणीत खरे सांगणारे कमी. आणि सोय वेगळी नकोच आहे, आहे त्या ठिकाणी हवी आहे.

कायदाही आता आड येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू आणि मादक पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारांतच धरल्या आहेत, आणि उपचार घेणाऱ्या आईपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सहसा वेगळे करू नये असे स्पष्ट लिहिले आहे. त्याच वर्षीचा एचआयव्ही कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, संमतीशिवाय तपासणी आणि भेदभाव या दोन्हींना मनाई करतो. १८६८ च्या नोंदणीच्या तिकिटापासून इथवर यायला दीडशे वर्षे लागली. कर्नाटक सरकार, नॅको आणि निम्हान्स यांनी आता वाणीविलासमध्ये आठवड्यातून ठरावीक दिवशी या तिन्ही दुखण्यांचा एकच बाह्यरुग्ण विभाग चालवावा, सोबत पाळणाघर ठेवावे, आणि पेठेतल्या बायकांच्या संघटनांना त्याच्या देखरेख समितीत बसवावे. जागा तिथे आहे, माणसे शहरात आहेत, आणि कायदा हाताशी आहे.